एकच रान, एकच चारा, तरी काहीच मेंढ्या का पडतात? कुरणातील विष आणि रक्तातील तग

कागल, हातकणंगले किंवा शिरोळच्या माळावर मेंढ्यांचा तळ पडलेला असताना विषबाधेचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास विचारला जातो. सगळी मेंढरे एकाच रानात चरली, एकाच ओढ्यावर पाणी प्यायली, मग त्यातली मोजकीच का पडली आणि बाकीच्यांना काहीच कसे झाले नाही? कोणी म्हणते की त्यांनी जास्त खाल्ले असेल, कोणी म्हणते की ती आधीच अशक्त होती, आणि बाकीचा हिशेब नशिबावर सोडला जातो. यातील पहिली दोन कारणे खरी असू शकतात, पण तेवढ्यावर उत्तर पूर्ण होत नाही. समान वजनाच्या, समान वयाच्या मेंढ्यांना मोजून समान विष दिले तरी काहींचे यकृत खराब होते आणि काहींचे जवळजवळ शाबूत राहते. हा फरक बऱ्याच अंशी आईबापाकडून आलेला असतो. त्याचा सर्वाधिक पद्धतशीर उपयोग न्यूझीलंडमधील मेंढी पैदासकारांनी फेशियल एक्झिमा, म्हणजे कुरणातील बुरशीच्या विषाने होणाऱ्या रोगाविरुद्ध केला आहे. तेथील मेंढपाळांच्या व गोमांस उत्पादकांच्या संस्थेने २०२४ मध्ये याच रोगाविरुद्ध सात वर्षांचा संशोधन कार्यक्रम हाती घेतला, यावरून हा प्रश्न तेथे अजून मिटलेला नाही हेही दिसते.

विष गवतात येते कुठून

चराऊ रानातील विषाचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. काही वनस्पती स्वतःच विषारी असतात. आपल्याकडची घाणेरी किंवा पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. काही ठिकाणी गवत निर्दोष असते, पण त्याच्या वाळलेल्या, कुजत्या पात्यांवर वाढणारी बुरशी विष तयार करते. तिसऱ्या प्रकारात बुरशी गवताच्या आतच राहते आणि बाहेरून पाहिले तर गवत हिरवेगार, निरोगी दिसते.

न्यूझीलंडचा हा रोग दुसऱ्या प्रकारात मोडतो. पिथोमायसिस चार्टारम या नावाने दीर्घकाळ ओळखली गेलेली बुरशी कुरणाच्या तळाशी साचलेल्या मेलेल्या गवतावर जगते. रात्री उबदार असल्या आणि हवेत पुरेशी ओल असली की ती झपाट्याने बीजाणू, म्हणजे बुरशीचे सूक्ष्म बी, तयार करते. या बीजाणूंमध्ये स्पोरिडेस्मिन नावाचे विष असते. दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्याची अखेर आणि शरद ऋतू, म्हणजे साधारण जानेवारी ते मे, हा तेथील धोक्याचा काळ असतो. त्या दिवसांत एक ग्रॅम गवतात किती बीजाणू आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून त्यावर कळप कुठे हलवायचा ते ठरवले जाते.

मेंढी जमिनीलगतचे गवत कुरतडून खाते. कुरण उंच असेपर्यंत तिच्या तोंडात वरची ताजी पाने जातात, पण चारा कमी पडून तिला बुडख्यापर्यंत चरावे लागले की जिथे बीजाणूंची गर्दी सर्वाधिक असते तोच थर तिच्या पोटात जातो. त्यामुळे चाराटंचाई आणि विषबाधा या दोन आपत्ती तेथे अनेकदा हातात हात घालून येतात.

चेहरा सुजतो, पण दुखणे यकृतात असते

या रोगात मेंढीचा चेहरा आणि कान सुजतात, पापण्या फुगतात, कातडीवर खपल्या धरतात आणि जनावर सावली शोधत फिरते. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे लक्षण माहीत होते, १९३८ मध्ये त्याची मोठी साथही येऊन गेली, परंतु बुरशीकडे बोट दाखवता आले ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस. इतकी वर्षे लागली याचे एक कारण असे, की बिघाड जिथे दिसतो तिथे तो नसतोच. शिवाय विष पोटात गेल्यावर चेहरा सुजायला दहा-चौदा दिवस लागतात, आणि तोपर्यंत कळप दुसऱ्याच रानात पोहोचलेला असतो.

उसाच्या फडातील पाट डोळ्यांसमोर आणला तर हे चटकन समजेल. पाटात गाळ बसला, काठ ढासळले, की पाणी पुढे जात नाही. ते मागे फुगते आणि जिथे नको तिथे पसरते. स्पोरिडेस्मिन यकृतातील पित्तनलिकांना अशीच इजा करते. नलिकांच्या भिंती सुजतात, जाड होतात आणि पित्ताची वाट बंद होत जाते. आता, हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्य मेंढीच्या पोटात पचताना त्यापासून फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ तयार होतो. निरोगी मेंढीत तो पित्तावाटे मुकाट्याने बाहेर पडतो. वाट तुंबली की तो रक्तात साचतो, रक्ताबरोबर कातडीत पोहोचतो आणि तिथे त्याच्यावर ऊन पडले की कातडीच्या पेशी अक्षरशः पोळतात. अंगावर लोकर असते तिथे ऊन पोहोचत नाही, म्हणून चेहरा आणि कान आधी जातात.

यातील सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे बहुसंख्य बाधित मेंढ्यांचा चेहरा सुजतच नाही. त्यांच्या यकृताचा काही भाग निकामी होतो, त्या वाढीत मागे पडतात, नीट माजावर येत नाहीत, कोकरे कमी होतात, आणि मालकाला वाटते की यंदा चाराच बरा नव्हता. माझ्या मते या रोगाची खरी किंमत मेलेल्या मेंढ्यांत नसून या न दिसणाऱ्या तुटीत आहे, आणि पैदाशीच्या मार्गाने जाण्याचे मुख्य कारणही तेच आहे.

जस्तावर भागते, मग पैदाशीचा खटाटोप कशाला?

जस्त या रोगापासून संरक्षण देते, हे प्रथम न्यूझीलंडमधील ‘ते आरोहा’ या भागातील ग्लॅडिस रीड या दुग्धव्यावसायिक शेतकरी महिलेने ओळखले. सुरुवातीला तज्ज्ञांनी त्यांचे म्हणणे फारसे मनावर घेतले नाही, पण पुढे ते संशोधनात खरे ठरले. स्पोरिडेस्मिन शरीरात तांब्याच्या मदतीने एक रासायनिक चक्र चालू करते आणि त्यातून पेशी जाळणारे घटक पुन:पुन्हा निर्माण होत राहतात. जस्त हे चक्र अडवते. आज जस्त ऑक्साइड पाजले जाते किंवा पोटात हळूहळू विरघळणारी त्याची मोठी गोळी दिली जाते. कुरणावर बुरशीनाशक फवारण्याचाही मार्ग आहे.

अडचण अशी, की हे सारे विष पोटात जाण्याआधी व्हावे लागते. एकदा पित्तनलिका बिघडल्या की जस्त त्या दुरुस्त करत नाही. जस्ताचा डोस जास्त झाला तर तेच अपायकारक ठरते. आणि दर वर्षी, प्रत्येक जनावराला, योग्य वेळी औषध देण्याचा खर्च व मजुरी कधी संपत नाही. याउलट मेंढीच्या रक्तातच तग असेल तर ती औषधाची वेळ चुकली तरी तिच्या अंगी असते आणि पुढच्या पिढीतही उतरते. याचा अर्थ जस्त सोडून द्यावे असा नाही. पैदास हा सावकाश साचणारा उपाय आहे, जस्त हा या हंगामापुरता उपाय आहे, आणि शहाणा मेंढपाळ दोन्ही वापरतो.

मेंढ्याची परीक्षा कशी घेतात

रुआकुरा येथील संशोधन केंद्रात १९७५ पासून रॉम्नी जातीच्या मेंढ्यांचे दोन कळप वेगळे वाढवण्यात आले. एकात विषाला तग धरणाऱ्यांची निवड होत गेली, दुसऱ्यात बळी पडणाऱ्यांची. काही पिढ्यांत दोन्ही कळपांमधील फरक इतका ठळक झाला, की हा गुण निवडीने वाढवता येतो याबद्दल शंका उरली नाही. त्यानंतर १९८० च्या दशकात खासगी पैदासकारांसाठी मेंढ्यांच्या चाचणीची सेवा सुरू झाली.

चाचणीची पद्धत वर्णन करायला सोपी आहे. पैदाशीसाठी राखलेल्या तरुण मेंढ्याचे रक्त तपासतात, त्याला वजनाच्या प्रमाणात मोजून स्पोरिडेस्मिन पाजतात आणि सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात. रक्तात जीजीटी नावाच्या विकराची, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या एका प्रथिनाची, पातळी पाहिली जाते. पित्तनलिकांना इजा झाली की जीजीटी रक्तात वाढते. ज्याची पातळी वाढली नाही तो नर पैदाशीला ठेवायचा, ज्याची वाढली तो बाद करायचा. सुरुवात किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपासच्या डोसाने होते, आणि कळपाची ताकद जशी वाढेल तसा वर्षागणिक डोस चढवत ०.६ मिलिग्रॅमपर्यंत नेतात.

परीक्षा नराचीच का, याचे कारण पैदाशीच्या गणितात आहे. एक मेंढी वर्षाला एक-दोन कोकरे देते. एक नर मेंढा एका हंगामात तीस किंवा त्याहून अधिक माद्यांना पुरतो. एका नराच्या तपासणीचा परिणाम कळपातील बहुतेक कोकरांपर्यंत पोहोचतो.

निरोगी जनावराला मुद्दाम विष पाजणे योग्य आहे का?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. फार कमी डोस दिला तर सगळेच नर पास होतात आणि परीक्षेला अर्थ उरत नाही. फार जास्त दिला तर कमकुवत नराच्या यकृताला गंभीर इजा होते. टप्प्याटप्प्याने डोस वाढवण्याचा नियम याच कारणासाठी आहे. समर्थनाची बाजू अशी, की काही मोजक्या नरांनी नियंत्रित प्रमाणात सोसलेल्या त्रासामुळे पुढील पिढ्यांतील असंख्य मेंढ्यांचा उन्हात पोळून होणारा त्रास टळतो. मला हे समर्थन पटते, पण अर्धवट. म्हणूनच आता रक्तातील डीएनएवरून तग ओळखण्याकडे संशोधक वळले आहेत, ही दिशा मला अधिक बरी वाटते. त्यातही एक मेख आहे. डीएनएवरून अंदाज बांधण्यासाठी आधी विष पाजून तपासलेल्या पुष्कळ जनावरांची माहिती लागते, आणि ती जुनी होऊ नये म्हणून अधूनमधून प्रत्यक्ष चाचणीची भर घालावी लागते.

बापाचा गुण कोकरात किती उतरतो?

येथे एकच पारिभाषिक शब्द लागतो : आनुवंशिकतेचे प्रमाण. कळपातील जनावराजनावरांमध्ये एखाद्या गुणाचा जो फरक दिसतो, त्यातील किती वाटा पुढच्या पिढीत उतरणाऱ्या वारशाचा आहे, हे त्याने कळते. प्रमाण शून्य असेल तर सगळा फरक चारा, हवामान आणि योगायोगाचा. एक असेल तर सगळा रक्ताचा. या रोगाला तग धरण्याच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ०.४ आढळले आहे. पशुपैदाशीच्या हिशेबाने हा आकडा चांगला मानला जातो. कोकरांच्या संख्येसारख्या गुणाचे प्रमाण याहून बरेच कमी असते.

समजा कळपाच्या तग धरण्याच्या शक्तीला सरासरी १०० गुण दिले आणि १२० गुणांचे नर निवडले. माद्या निवडलेल्या नाहीत, म्हणून त्यांची सरासरी १००. आईबापांची मिळून सरासरी ११०, म्हणजे कळपापेक्षा १० गुणांनी वर. या दहाचे ०.४ म्हणजे ४. कोकरांची सरासरी १०४ होईल. चार गुणांनी कोणी हुरळून जाणार नाही, पण मेंढ्यांची पिढी तीन-चार वर्षांत बदलते आणि मागचे चार गुण पुसले न जाता त्यावर पुढचे चार चढतात. वीस वर्षे नेटाने निवड करणाऱ्या पैदासकाराचा कळप आणि शेजाऱ्याचा कळप एकाच कुरणात सोडले तर कोणाला किती फटका बसतो, हे मग रक्त न तपासताही दिसते. मात्र तग म्हणजे अभेद्य कवच नाही. पुरेसे विष पोटात गेले तर सर्वांत काटक मेंढीही आजारी पडते.

एकच जनुक शोधून काम का भागत नाही?

कारण या गुणामागे एक जनुक नाही. विषाचे विघटन करणारी, जळजळीपासून पेशींना वाचवणारी, विष पेशीबाहेर फेकणारी अशी अनेक जनुके त्यात थोडाथोडा वाटा उचलतात. काही जनुकांकडे संशोधकांनी बोट दाखवले आहे, पण एकट्या जनुकाच्या जोरावर नर निवडता येईल अशी स्थिती नाही.

उलट उदाहरण आपल्या शेजारीच आहे. सातारा जिल्ह्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत जुळी कोकरे देणारे फेकबी हे जनुक आणले. ते सुंदरबनातील छोट्या गरोळ मेंढीत असते. ते एकच जनुक असल्यामुळे कोकराचे रक्त तपासून ते आहे की नाही हे थेट सांगता येते आणि काही पिढ्यांत ते नव्या कळपात रुजवता येते. नारी सुवर्णा ही मेंढी त्या कामातून उभी राहिली. अनेक जनुकांवर चालणाऱ्या गुणाला असा जवळचा रस्ता नसतो; तिथे मोजमाप, नोंद आणि निवड हे पिढ्यान् पिढ्या करावे लागते.

बुरशी आपला डाव बदलणार नाही का?

जंतांवरच्या औषधांचा अनुभव असलेला कोणीही हा प्रश्न विचारेल, कारण तेच औषध वारंवार वापरल्याने न मरणारे जंत तयार झाल्याचे सर्वत्र दिसून आले आहे. येथे परिस्थिती मुळात वेगळी आहे. जंताचे पोट मेंढीवर चालते, म्हणून मेंढीने केलेला प्रतिकार मोडून काढण्यात त्याचा थेट फायदा असतो. ही बुरशी मेलेल्या गवतावर जगते. मेंढी आजारी पडली काय किंवा धडधाकट राहिली काय, बुरशीला त्याचा ना लाभ ना तोटा. तगड्या मेंढ्यांवर मात करणारी बुरशी तयार व्हावी असा दबाव तिच्यावर येत नाही. हवामान मात्र बदलते, आणि उबदार रात्री वाढल्या तर हा रोग नव्या प्रदेशात पसरण्याची शक्यता वाढते. न्यूझीलंडमध्ये आजवर मुख्यतः उत्तर बेटाची मानली गेलेली ही डोकेदुखी दक्षिणेकडच्या मेंढपाळांनाही म्हणूनच भेडसावते.

पाय लटपटतात तेव्हा

गवताच्या आत राहणाऱ्या बुरशीचे उदाहरण म्हणजे रायगवतातील बुरशी. ती लोलिट्रेम बी नावाचे विष तयार करते. ते यकृतावर नव्हे तर मज्जासंस्थेवर परिणाम करते. हुसकावलेली मेंढी थरथरते, पाय ताठरून कोसळते आणि शांत सोडली तर थोड्या वेळाने उठून चालू लागते. येथेही मेंढ्यामेंढ्यांतील फरकाला वारशाचा आधार आहे, परंतु कमी त्रासदायक बुरशी असलेले गवताचेच वाण उपलब्ध झाल्याने गवत बदलणे हाच तेथे जवळचा मार्ग ठरला आहे.

मग परदेशी नर आणून का सोडू नयेत?

मेरिनो जातीच्या मेंढ्या या विषाला ब्रिटिश वंशाच्या जातींपेक्षा अधिक तग धरतात, असे आढळले आहे. म्हणून मेरिनो आणावी असा निष्कर्ष कोणी काढू नये. लोकरीसाठी दख्खनी मेंढीचा मेरिनो व रॅम्बुले जातींशी संकर करण्याचे प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेले आहेत, तरी तळावर आजही दख्खनी आणि जत भागातील माडग्याळच दिसतात. उन्हात मैलोन् मैल चालणे, उसाच्या पाल्यापासून बाभळीच्या शेंगांपर्यंत मिळेल ते खाणे आणि वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, दाटीने रात्र काढणे हे परदेशी जनावराला जमत नाही. शिवाय ज्या बुरशीविरुद्ध त्या नरांची परीक्षा झाली, ती आपल्या माळावरची मुख्य अडचण नाही.

कोल्हापूरकडे याचा उपयोग काय

आपल्याकडे सह्याद्रीच्या पायथ्याला, राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडीच्या उतारांवर घाणेरी माजलेली आहे. घाणेरीतील लँटाडिन ही विषे यकृतालाच इजा करतात, पित्ताची वाट बंद होते, कावीळ होते आणि फायलोएरिथ्रिन साचून कातडी उन्हात पोळते. दक्षिण आफ्रिकेच्या कारू पठारावर मेंढ्यांना असाच रोग सराट्यामुळे, म्हणजे आपल्या गोखरूमुळे होतो. विष वेगळे, पण शेवटचा रस्ता एकच. म्हणून कळपातील एखाद्या मेंढीचे कान आणि चेहरा सुजून ती सावलीला पळू लागली, तर कातडीला मलम लावून भागणार नाही. तिला सावलीत बांधावे, हिरवा चारा थांबवावा आणि पशुवैद्याला यकृताबद्दल विचारावे. घाणेरी खाल्लेल्या जनावराच्या पोटाची हालचाल मंदावते आणि विषारी पाला आतच पडून राहून विष सोडत राहतो, त्यामुळे उपचारात उशीर महागात पडतो.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. त्या भागात वाढलेली मेंढी घाणेरीला सहसा तोंड लावत नाही. बाहेरून आणलेली किंवा उपाशी मेंढी लावते. पहिली आजारी पडली नाही म्हणून तिचे यकृत काटक आहे असे ठरत नाही, तिने विष खाल्लेलेच नसते. बुरशीच्या बीजाणूंबाबत अशी निवड करणे मेंढीला शक्य नसते. कोण टाळते आणि कोण पचवते हे मोजून वेगळे केल्याखेरीज पैदाशीसाठी निवड करणे म्हणजे अंदाजाने हात मारणे आहे.

माळावर रोजचा आणि मोठा शत्रू जंत आहे, आणि न्यूझीलंडची पद्धत, नर नव्हे, सर्वप्रथम तिथे वापरता येईल. गरोळ मेंढी जंतांना चांगला तग धरते, आणि तिच्या संकरांचा या दृष्टीने अभ्यास फलटणला झालेला आहे. लेंडीतील जंतांची अंडी मोजण्याची तपासणी स्वस्त आहे आणि त्यासाठी कोणाला विष पाजावे लागत नाही. एकाच चाऱ्यावरच्या नर कोकरांपैकी कोणाच्या लेंडीत अंडी सतत कमी आढळतात, हे कानातील बिल्ल्याच्या क्रमांकासह वहीत उतरवले की निवडीला आधार मिळतो. कोणता गुण निवडायचा याचाही लोभ आवरावा लागतो, कारण वजन, जुळी, लोकर, जंत आणि विष असे पाच गुण एकदम धरले तर प्रत्येकाची प्रगती मंदावते.

त्याआधी एक व्यावहारिक गाठ सोडवावी लागेल. पैशाची निकड असते तेव्हा तीन-चार महिन्यांची, चांगली भरलेली नर कोकरे बाजारात आधी जातात, आणि जो विकला गेला नाही तो कळपाचा बाप होतो. ही निवडच आहे, फक्त उलट्या दिशेची. तळातील दोन-तीन मेंढक्यांनी मिळून दर वर्षी दोन उत्तम नर कोकरे विकायची नाहीत असे ठरवले, ती दीड वर्षाची होईपर्यंत सांभाळली आणि नात्यातील माद्यांवर पडू नयेत म्हणून एकमेकांच्या कळपात अदलाबदल केली, तर त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन कोकरांच्या विक्रीचे पैसे वर्षभर अडकून राहतात, एवढा खर्च मात्र येतो, आणि शेळी-मेंढी विकासाच्या सरकारी योजनांनी नवे नर वाटण्याऐवजी तो भरून दिला तर अधिक उपयोग होईल असे मला वाटते.